मुळासकट

सदाशिवरावांचं पत्र वासुदेवरावांनी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्यांना ते अगदी नीट समजलं. घोटाळा झाला तो तिथेच. पत्र समजलं नसतं तर ते कुणाला तरी विचारायला गेले असते, आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण एकदा समजल्यावर माणूस कशाला विचारायला जातो?

पत्र चार ओळींचं होतं. 'येत्या गुरुवारी तीन खात्यांची वीस माणसं घेऊन आपल्या नाल्यावर येत आहे. नाल्याचा निरोगी काठ कसा असतो आणि तो कसा राखायचा, याचं शिक्षण त्यांना द्यायचं आहे. सारा तालुका फिरलो, पण आपल्या वाडीसमोरच्या काठासारखा काठ कुठे दिसला नाही. सौ. आनंदाबाईंना त्या दिवशी आवर्जून हजर राहायला सांगावे.'

वासुदेवरावांनी याचा अर्थ असा लावला की मोठमोठे साहेब येणार, आपला नाला बघणार, आणि बायकोनं वीस पानांचा स्वयंपाक करायचा. पत्र घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवलं आणि काठ बघायला निघाले. बघून त्यांना घाम फुटला.

आता हे वासुदेवराव कोण, ते सांगायला हवं. वडनेरहून दोन कोसांवर डोहगाव आहे, तिथले हे शेतकरी. चौऱ्याऐंशी सालच्या त्या श्रावणात साठीला टेकलेले. पंचविशीत असताना सेवाग्रामकडे दोन महिन्यांच्या शिबिराला गेले आणि येताना खांद्यावर झाडू घेऊन आले. तो पुन्हा उतरला म्हणून नाही. दर शनिवारी गावाच्या गल्ल्या झाडायच्या, गटारं उपसायची, कुणाच्या अंगणात कचरा दिसला तर बोलायचं काही नाही, स्वतः झाडून द्यायचं. लोक लाजेनं तरी झाडायला लागत. गाव त्यांना मानायचं आणि थोडं टाळायचंही. ते दिसले की बायका दारातल्या चपला सरळ करत.

एवढ्या गावात एकच जागा त्यांच्या झाडूला बधली नव्हती, आणि ती होती त्यांच्याच बायकोची. त्यांच्या शेताच्या शेवटी नाला वळण घेतो, त्या वळणावर आनंदाबाईंची अर्ध्या एकराची भाजीची वाडी होती. वांगी, भेंडी, मांडवावर दोडके-कारली, कडेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. भाजी वडनेरच्या बाजारात जायची आणि बाजार उठायच्या आत संपायची. पण वाडी आणि पाणी यांच्या मध्ये जे काही माजलं होतं, ते बघून वासुदेवरावांच्या जिवाला घोर लागायचा. पाण्यालगत कुंद्याचं गवत आणि बरू, त्यावर निरगुडीची जाळी, मग शिंदीची झुडपं, मधूनच उंबर आणि करंज. आत हात घालावा तर साप निघेल असं रान. वीस वर्षांत त्यांनी वीसदा विळा काढला असेल, आणि प्रत्येक वेळी आनंदाबाईंनी एवढंच म्हटलं होतं, "राहू द्या. मले फडे बांधाले शिंदी लागते." गाव ज्या फड्यांनी झाडलं जायचं ते फडे त्याच रानातून येत, हे वासुदेवरावांना ठाऊक होतं. पण त्यावर त्यांनी कधी फार विचार केला नव्हता.

सदाशिवराव जेठात एकदा येऊन गेले होते. सेवाग्रामजवळच्या एका छोट्या संस्थेत ते काम करायचे. आधी शेतीशाळेत मास्तर होते, आता गावकऱ्यांना आणि सरकारी माणसांना नदीनाल्यांचे काठ कसे सुधारायचे ते शिकवायचे. त्या दिवशी वासुदेवराव शाळेची विहीर उपसायला गेले होते. परत आले तर हा पाहुणा आनंदाबाईंच्या मागोमाग त्या रानातून फिरत होता, दोन तास, भर उन्हात, वहीत काहीतरी लिहीत. वासुदेवरावांना इतकी शरम वाटली की आपण हातपाय धुऊन येईपर्यंत पाहुणा निघून गेलेला बरा, असं त्यांनी मनात म्हटलं. आणि तो गेलाही.

आणि आता त्याच पाहुण्याचं हे पत्र. तालुक्यात असा काठ नाही म्हणतो. वासुदेवरावांना वाटलं, भला माणूस आहे, चारचौघांत आपली लाज राखतो आहे. त्यानं राखली, आता आपण राखायला नको?

आनंदाबाई तेव्हा पुलगावला होत्या. लेक गोपिका बाळंत झाली होती, महिनाभर झाला होता. वासुदेवरावांनी कार्ड टाकलं: 'गुरुवारी सकाळच्या बसनं ये. वीस माणसं जेवाले हाये. बाकी सर्व ठीक.' नाल्याचं काही लिहिलं नाही. तिला आल्यावर आश्चर्य वाटावं असं त्यांच्या मनात होतं. ते तर वाटलंच.

मग पाच दिवस गावानं श्रमदान केलं. पावसानं उघाड दिली होती, जमीन ओलसर होती, उपटायला हलकी. वासुदेवरावांनी काठाचे तीन भाग केले. वरचा भाग भजनी मंडळाला दिला, खालचा शेजारच्या रूपरावकडे, आणि मधलं वाडीसमोरचं वळण स्वतःकडे घेतलं, कारण तेच सगळ्यात अवघड होतं.

"नुसतं कापू नका," ते सगळ्यांना सांगत फिरले. "मूळ राह्यलं तर काम झालंच नाई. आठ दिवसात पुन्हा डोकं वर काढते थे."

"हाव दादा," रूपराव बिडी कानावर ठेवत म्हणाला. रूपरावचं काम कसं असतं ते साऱ्या गावाला माहीत होतं. तो दर तासाला पाठ धरून बसायचा, आणि कुणी येताना दिसलं की उठून विळा चालवायचा.

वासुदेवरावांनी मात्र स्वतःच्या वळणावर हयगय केली नाही. कुंद्याची मुळं हातभर खोल जातात, टिकासानं खणून खणून त्यांनी ती काढली. निरगुडीच्या बुंध्याला दोर बांधून चौघांनी ओढलं. तळहाताला फोड आले. संध्याकाळी त्या उघड्या, काळ्याभोर, फावड्यानं चोपून गुळगुळीत केलेल्या दरडीकडे बघताना त्यांना फार समाधान वाटलं. उंबर आणि करंज तेवढे ठेवले, बुंध्याला गेरू लावून. काठाच्या कडेनं चुन्याची फक्की मारली. निघालेल्या सगळ्या रानाचा वाडीच्या कोपऱ्यात डोंगर रचला, साहेबांच्या हातून पेटवायला.

गुरुवारी दहाच्या सुमारास एक जीप आणि एक टेम्पो आला. केळीचे खांब लावून कमान उभी केली होती. सदाशिवराव जीपमधून उतरले, कमानीखालून आले, आणि काठाशी येऊन उभे राहिले. वासुदेवरावांनी हार घातला. हार घातल्यावर माणूस काहीतरी बोलतो, निदान 'कशाला, कशाला' तरी म्हणतो. सदाशिवराव काहीच बोलले नाहीत. वासुदेवरावांना वाटलं, गहिवरले असतील.

"वासुदेवराव," मग ते म्हणाले, "तो काठ कुठंय?"

"हाच ना," वासुदेवराव म्हणाले. त्यांना वाटलं, पाहुण्याला ओळखू येत नाही इतका बदल झाला आहे. "हेच थे वळन. हा उंबर पाहा. तुमी आलते तवा याच्याखालीच उभे होते."

मागून वीस माणसं येऊन उभी राहिली होती. एका खात्याचे साहेब म्हणाले, "व्वा. फारच स्वच्छ ठेवलाय." दुसऱ्या खात्याच्या साहेबांनी वही उघडली आणि सदाशिवरावांना हळूच विचारलं, "हे आधीचं दाखवताय की नंतरचं?" तिसऱ्या खात्याचे साहेब चुन्याच्या रेघेवर पाय पडणार नाही असे जपून उभे होते आणि कुठे बघायचं ते त्यांना कळत नव्हतं.

वासुदेवराव एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. एक शाबासकी देतो, एक भलतंच विचारतो, आणि ज्यानं बोलावणं धाडलं तो हार गळ्यात घेऊन काठच शोधतो. काय चुकलं? रेघ वाकडी झाली? शिंदीचे दोन खुंट राहिले आहेत, ते दिसले की काय?

"आनंदाबाई आहेत ना घरी?" सदाशिवरावांनी विचारलं.

"बसनं येऊन राह्यली पुलगावून. पन जेवनाची फिकीर नका करू, शेजारच्या शोभाबाईनं भात टाकला हाये."

"जेवणासाठी नाही हो." सदाशिवराव गळ्यातला हार काढून हातात गुंडाळत म्हणाले. "या सगळ्यांना त्या शिकवणार होत्या. निरोगी काठ म्हणजे काय, ते तुमच्या बायकोला माझ्याहून जास्त कळतं. मी तेच दाखवायला आणलंय यांना."

वासुदेवरावांनी हे ऐकलं. शब्द सगळे ओळखीचे होते. पण ते एकत्र बसेनात. आनंदा शिकवणार? साहेबांना? काय शिकवणार, ते रान? त्यांनी खिशातलं पत्र काढलं आणि चौथ्यांदा वाचलं. पत्रात एक अक्षर बदललं नव्हतं. या खेपेला मात्र ते अजिबात समजेना.

तेवढ्यात आनंदाबाई आल्या. फाट्यावर बसमधून उतरून शेताच्या धुऱ्यानं चालत, हातात पिशवी, पिशवीतून बाळंतविड्यातल्या झबल्याची बाही बाहेर आलेली. कमान बघून त्या हसल्या होत्या. मग दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांना काठ दिसला. पिशवी त्यांनी खाली ठेवली. पदर सावरला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. नवऱ्याकडे वळून एकच विचारलं.

"कापलं का उपटलं?"

सवयीचा अभिमान असा वाईट, की त्या वेळीही वासुदेवरावांच्या तोंडून ताठ आवाजात उत्तर गेलं, "उपटलं. मुळासकट."

"माह्या वाडीच्या पुढचं बी?"

"थे तर म्या सोता काढलं."

आनंदाबाईंचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षांच्या संसारात वासुदेवरावांनी तो चेहरा दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा घरात मयत झालेली होती. आता कोण गेलं, हे त्यांना कळेना. पण काहीतरी गेलं आहे आणि ते आपल्या हातून गेलं आहे, एवढं मात्र कळलं, आणि ते उंबराखाली टेकले.

आनंदाबाई दरडीवर उतरल्या. चोपलेल्या मातीत त्यांनी दोन बोटं घातली, ती सहज आत गेली. वांग्याची पहिली ओळ तिथून चार हातांवर होती.

"पोळ्याच्या आधी मोठं पानी आलं तर वाडी जाईन," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. मग खालच्या अंगाला बघत त्यांनी विचारलं, "थे कोनाच्याकडे होतं?"

रूपराव गर्दीत मागे सरकत होता. त्याला पुढे यावंच लागलं. "वहिनी, खरं सांगू का," तो म्हणाला, "म्या नुसतं कापलं. दादा पाह्यले येत म्हनून वरून माती लोटून देली पायानं."

वासुदेवराव ताडकन उठले. पाच दिवस ज्याला ते मूळ, मूळ म्हणून सांगत होते, त्यानं असं फसवावं? पण रागवायला तोंड उघडलं तोच आनंदाबाई म्हणाल्या, "बरं केलं बापा. तेवढं तं वाचलं." आणि वासुदेवराव तोंड उघडं ठेवूनच उभे राहिले. चांगलं काम करणाऱ्यानं वाडी घालवली आणि कामचुकारानं वाचवली, हा कुठला न्याय, ते त्यांना समजेना.

सदाशिवराव मास्तर होते शेवटी. त्यांनी हार उंबराच्या फांदीला अडकवला आणि वीस माणसांना म्हटलं, "मंडळी, आज धडधाकट काठ बघायचा होता. आता आजारी काठ बरा करायचा. आनंदाबाई सांगतील तसं."

आनंदाबाईंनी आधी बोटानं जागा दाखवत सांगितलं, कुठे काय होतं ते. "पान्याले लागून कुंदा अन् बरू. पानी आलं का वाकते, पन माती सोडत नाई. त्याच्यावर निरगुडी. मांगं शिंदी. अन् पार वर झाडं. यातलं एक काढलं का बाकीचे एकटे पडते."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" वहीवाल्या साहेबांनी विचारलं.

"कोन शिकवन? एका साली वाडीच्या चार ओळी वाहून गेल्या. निरगुडी होती तठी मात्र जाग्यावर राह्यल्या. थे पायलं. तवापासून हात नाई लावू देल्ला कोनाले. म्या तं काईच नाई केलं साहेब, नुसतं राहू देलं."

पेटवायला रचलेला रानाचा डोंगर तसाच होता, हे त्यातल्या त्यात नशीब. निरगुडीच्या फांद्या अजून ओल्या होत्या. त्यांचे हात-हातभर तुकडे करून साहेबलोकांनी वळणावर ठोकले, कुंद्याची जिवंत मुळं निवडून पुन्हा पुरली, शिंदीच्या झावळ्या आडव्या बांधल्या. शर्टाच्या बाह्या वर सारून तिसऱ्या खात्याच्या साहेबांनी चुन्याची रेघ पहिल्यांदा मोडली. वासुदेवरावांना कुणी काही सांगितलं नाही, म्हणून ते मुळं वाहून आणत राहिले. जे पाच दिवस खपून बाहेर काढलं तेच टोपल्यानं परत न्यायचं. प्रत्येक खेपेला त्यांना वाटायचं, आता कुणीतरी आपल्याला नीट उलगडून सांगेल. कुणी सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी नाला दोन्ही थड्या भरून आला. दुपारी तीनची वेळ होती. नवराबायको दोघंही पोत्याची घोंगशी घेऊन वाडीत उभे होते. पाणी वळणावर येऊन आदळलं, आणि वासुदेवरावांनी स्वतःच्या हातानं चोपलेली ती गुळगुळीत दरड फुगली, भेगाळली आणि आवाज न करता पाण्यात बसली. नव्यानं ठोकलेल्या निरगुडीच्या काड्या तिच्याबरोबर गेल्या. वांग्याची पहिली ओळ गेली, मग दुसरी, मग दोडक्यांच्या मांडवाचा एक खांब. सातवी ओळ गेल्यावर पाणी उंबराच्या मुळांपाशी अडलं. खाली रूपरावच्या भागात बोटभर वाढलेला हिरवा कुंदा पाण्याखाली लवून पडला होता आणि त्याच्या मागची माती जागच्या जागी होती.

"रागव तरी," वासुदेवराव म्हणाले.

"कोनावर रागवू?" आनंदाबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "तुमी काई वाईट कराले गेलते का? पस्तीस वर्स गाव झाडलं तुमी. थे चांगलंच केलं."

"मंग हे काऊन वाईट झालं?"

"थे गाव हाये. हा नाला हाये."

एवढंच. वासुदेवरावांना वाटलं, यात काहीतरी आहे. पण ते हाताला लागेना. गल्लीतला कचरा कचरा आणि नाल्यातला कचरा दौलत, असं कसं? आयुष्यभर त्यांना ठाऊक होतं की काम म्हणजे काहीतरी करणं, आणि जितकं जास्त केलं तितकं काम चांगलं. आता ही बाई म्हणते की राहू देणं हेही काम आहे. ते शिकायचं कसं? त्याला झाडू लागतो की टिकास? त्या रात्री ते जेवले नाहीत. वाडी गेल्याचं दुःख तर होतंच, पण त्याहून जास्त सलत होतं ते हे, की पुन्हा तेच पत्र आलं असतं तर आपण पुन्हा तेच केलं असतं.

दिवाळीनंतर सदाशिवराव दुसरी तुकडी घेऊन आले. या खेपेला कमान नव्हती. पूर ओसरल्यावर आनंदाबाईंनी निरगुडी आणि कुंदा पुन्हा लावून काठाचा सगळा आराखडा आधीच ठरवून ठेवला होता, आणि वळणाची जबाबदारी त्यांनी नवऱ्यावर टाकली होती. जबाबदारी अशी, की रोज सकाळी जाऊन बसायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. ढोरं आली तर हाकलायची, बस्स. पहिले आठ दिवस वासुदेवरावांचे हात शिवशिवायचे, म्हणून ते हातावर बसायचे. वाळकं पान पडलेलं दिसायचं, ते तसंच ठेवायचं. ओल्या मातीतून एक दिवस कुंद्याचं टोक वर आलं. बोटं आपोआप त्याच्याकडे गेली, गवत चिमटीत आलंही, आणि मग त्यांनी ते सोडून दिलं. कपाळावर घाम आला होता.

सदाशिवरावांनी हजेरीची वही आणली होती. एका पानावर शिकवणाऱ्यांची नावं, दुसऱ्यावर शिकणाऱ्यांची. पहिल्या पानावर आनंदाबाईंनी अंगठा नाही, सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मग सदाशिवरावांनी वही वासुदेवरावांपुढे धरली. "तुम्ही काय, घरचेच. अध्यक्ष म्हणून लिहू?"

वासुदेवरावांनी पान उलटलं. शिकणाऱ्यांच्या यादीत वीस नावं होती. त्यांनी एकविसावं लिहिलं.

शेजारी बसलेला एका खात्याचा नवा माणूस होता, त्याला आधीचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं सहज विचारलं, "काका, तुम्ही इथं काय काम करता?"

वासुदेवरावांनी जरा विचार केला. वळणावर निरगुडीला फुटवे आले होते, त्याच्या खाली कुंदा वाढला होता, आणि मध्ये कुठे काय करायला हवं, काय नको, हे त्यांना अजूनही निम्मंच कळत होतं.

"काईच नाई करत," ते म्हणाले. "थेच शिकून राह्यलो."

आनंदाबाईंनी ते ऐकलं, आणि वांग्याच्या उरलेल्या ओळींकडे तोंड करून त्या कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा हसल्या.